कोचची खुर्ची आणि ज्युनियरची फळी

जानेवारी २०२६ मध्ये भारताच्या महिला हॉकी संघाची सूत्रं पुन्हा एकदा श्योर्ड मरीन यांच्याकडे आली. त्याच्या महिनाभर आधी, १ डिसेंबरला, हरेंद्र सिंग यांनी राजीनामा दिला होता. ही दोन नावं लागोपाठ ऐकली की जुन्या हॉकीप्रेमींना २०१८ चा मे महिना आठवतो. तेव्हा याच दोघांची चक्क अदलाबदल झाली होती: मरीन पुरुष संघाकडून महिलांकडे, हरेंद्र महिलांकडून पुरुषांकडे. आठ वर्षांत खुर्च्या फिरल्या आणि चर्चा होती तिथेच आहे. देशी की परदेशी? कडक की खेळाडूंना सांभाळून घेणारा? संघ कोण निवडणार, कोच की निवड समिती? आणि नवी मुलं-मुली येणार कुठून?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. माझ्या मते बाकीच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे, आणि ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

१९२८ ते १९५६ या काळात भारताने ऑलिम्पिकची सलग सहा सुवर्णपदकं जिंकली. त्या संघांबरोबर आजच्या अर्थाचा कोच नव्हताच म्हटलं तरी चालेल. व्यवस्थापक असे, कर्णधार असे, आणि खेळाडू आधीच तयार होऊन आलेले असत. त्यांना घडवायचं काम पलटणी, रेल्वे, पोलीस आणि कॉलेजं करत. कलकत्त्याचा बेटन कप, मुंबईचा आगाखान कप अशा स्पर्धांत वर्षभर चुरशीचे सामने होत आणि त्यातून निवड होई. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. ध्यानचंद तिथे हॉकीचे मुख्य प्रशिक्षक होते. शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची ती सुरुवात होती, पण राष्ट्रीय संघाच्या यशाचा खरा पाया तोवर गावोगावची मैदानंच होती.

१९७५ चा क्वालालंपूरचा विश्वचषक हा आपला एकमेव. अंतिम सामन्यात पाकिस्तानवर २-१ असा विजय, कर्णधार अजितपाल सिंग, आणि संघाची जबाबदारी बलबीर सिंग सिनियर यांच्याकडे. हॉकी संघटनेत तेव्हाही भांडणं होती, म्हणून पंजाब सरकारने पुढाकार घेऊन चंडीगडला सरावशिबीर भरवलं. एका माणसाच्या हाती सूत्रं, सलग सराव आणि बाहेरच्या गोंधळापासून लांब ठेवलेले खेळाडू. ही घडी पुढे फार क्वचित बसली.

वर्षभरातच माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. टर्फने नेमकं काय केलं, हे नीट लक्षात घ्यायला हवं. मातीवर, गवतावर चेंडू उसळतो, थांबतो, वळतो. तिथे मनगटाची करामत आणि ड्रिबलिंग यांना मोल असतं. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगाने सरकतो. लांब अचूक पास, पळण्याची ताकद आणि पेनल्टी कॉर्नर (गोलजवळच्या नियमभंगाबद्दल मिळणारी गोलाची खास संधी) यांचं वजन वाढलं. श्रीमंत देशांनी क्लबाक्लबांतून टर्फ अंथरली आणि त्यांची पोरं आठव्या-नवव्या वर्षापासून त्यावर खेळू लागली. आपल्याकडे पंजाबातल्या संसारपूरचा किंवा ओडिशातल्या सुंदरगढचा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होईपर्यंत मातीवर खेळे आणि राष्ट्रीय शिबिरात आल्यावर टर्फवर पाऊल ठेवी. म्हणजे ज्या वयात डावपेच शिकायचे, त्या वयात तो चेंडू अडवायला नव्याने शिके. राष्ट्रीय कोचच्या वाट्याला अशी प्राथमिक शाळेची शिकवणी आली आणि निकाल मात्र त्याच्याकडून ऑलिम्पिकचा मागितला गेला. १९८० चं मॉस्कोचं सुवर्ण अनेक बलाढ्य संघांच्या बहिष्कारात मिळालेलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १-७ अशी हार. १९८६ च्या लंडन विश्वचषकात बारा संघांत बारावा क्रमांक.

हार झाली की कोच बदला, ही सवय या काळात लागली. पण जिंकल्यावरही कोच बदलला गेला, तो प्रसंग मला जास्त लागतो. १९९८ च्या डिसेंबरात बँकॉकला भारताने एशियाडचं सुवर्ण जिंकलं, १९६६ नंतर पहिल्यांदा, ३२ वर्षांनी. कर्णधार खडकीचा धनराज पिल्ले, कोच एम. के. कौशिक. आणि त्यानंतर धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर, कौशिकही बाहेर. तेव्हा संघटना के. पी. एस. गिल यांच्या हाती होती. धनराज पुढे परतला, पण जिंकलेला संघ २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपर्यंत एकत्र ठेवायची संधी गेली. सिडनीत वासुदेवन भास्करन कोच होते. पोलंडविरुद्ध १-० ची आघाडी अगदी शेवटच्या क्षणांत निसटली, बरोबरी झाली आणि उपांत्य फेरी हुकली. तो सामना पाहिलेला माणूस अजूनही त्या गोलाबद्दल बोलताना आवाज चढवतो.

पुढच्या चार वर्षांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण आपल्या हॉकीचा सगळा तिढा त्या चार वर्षांत एकवटलेला आहे.

२००१ मध्ये होबार्टला भारताने कनिष्ठ विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ६-१ अशी धूळ चारून. गगन अजित सिंग कर्णधार, दीपक ठाकूर गोलांचा धडाका लावणारा, जुगराज सिंग पेनल्टी कॉर्नरचा हुकमी माणूस. कोच राजिंदर सिंग. बऱ्याच वर्षांनी अशी एक फळी तयार झाली होती, की ती एकत्र वाढली तर पाच-सहा वर्षं संघाची चिंता मिटावी.

तिकडे मोठ्या संघात काय चाललं होतं? २००२ च्या क्वालालंपूर विश्वचषकात मुंबईचे सेड्रिक डिसूझा कोच होते. स्पर्धा चालू असतानाच त्यांना काढून सी. आर. कुमार यांना नेमलं. सामने शिल्लक असताना! भारत दहावा आला. मग राजिंदर सिंग वर आले. आपल्या ज्युनियर पोरांना ओळखणारा कोच त्यांच्याबरोबर वरच्या संघात आला, ही गोष्ट मला फार योग्य वाटते. बुसान एशियाडला रौप्य मिळालं, २००३ ला पाकिस्तानला हरवून आशिया कप जिंकला. त्याच वर्षी जुगराजला मोटार अपघात झाला आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच थांबली. तो तेव्हा विशीतच होता. त्याची जागा घेईल असा तयार ड्रॅग-फ्लिकर (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून जोरात गोलात मारणारा) नव्हता. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला कोवळ्या वयाच्या संदीप सिंगला नेलं. तो पुढे मोठा झाला, पण त्या वेळी त्याच्याकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं होतं.

अथेन्सला जेमतेम काही आठवडे उरले असताना राजिंदर सिंग यांना हटवलं आणि जर्मनीचे गेरहार्ड राख यांना आणलं. भारतीय संघाचे ते पहिले परदेशी कोच. खेळाडूंची नावं पाठ होण्याइतकाही वेळ त्यांना मिळाला नसावा. भारत पुन्हा सातवा आला. राख गेले, आणि होबार्टच्या फळीची सर्वोत्तम वर्षं अशाच धरसोडीत सरली. परदेशी कोच नको म्हणणारे राख यांचं उदाहरण देतात, आणि देशी नको म्हणणारे त्यांच्या आधीच्या पराभवांचं. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटते: त्या चार वर्षांत कुठल्याच कोचला एका ऑलिम्पिकपासून दुसऱ्या ऑलिम्पिकपर्यंतची पूर्ण मुदत मिळाली नव्हती.

२००६ मध्ये विश्वचषकात अकरावा क्रमांक आणि दोहा एशियाडमधून रिकाम्या हाताने परत. २००७ ला मुंबईच्याच जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली चेन्नईत आशिया कप जिंकला, पण मार्च २००८ ला चिलीच्या सँतियागोत ब्रिटनने २-० असं हरवलं आणि १९२८ नंतर पहिल्यांदा भारताशिवाय ऑलिम्पिक हॉकी झाली. कार्व्हालोंनी राजीनामा दिला. दीडेक महिन्यात गिल यांची संघटनाही बरखास्तीच्या वाटेवर गेली आणि २००९ मध्ये हॉकी इंडिया ही नवी संघटना आली.

याच काळात ऑस्ट्रेलियाच्या महिलांना १९९६ आणि २००० ची ऑलिम्पिक सुवर्णं जिंकून देणारे रिक चार्ल्सवर्थ भारतात तांत्रिक सल्लागार म्हणून आले होते. त्यांना पुरेसे अधिकार मिळाले नाहीत आणि ते वैतागून परतले. दोन वर्षांनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंतिम सामना होता. ऑस्ट्रेलिया ८, भारत ०. ऑस्ट्रेलियाचे कोच चार्ल्सवर्थ होते.

त्याच २०१० च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडीत विश्वचषकाचं शिबीर चालू असताना खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सराव बंद केला होता. देशाचा संघ, घरचा विश्वचषक तोंडावर, आणि मुलांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी स्टिक खाली ठेवावी लागली. तेव्हाचे स्पॅनिश कोच होसे ब्रासा यांच्या डावपेचांवर खूप लिहिलं गेलं. त्यांच्या हातातल्या खेळाडूंच्या या अवस्थेवर तेवढं लिहिलं गेलं नाही.

२०१२ चं लंडन ते २०१६ चं रिओ या एकाच ऑलिम्पिक चक्रात चार कोच झाले. लंडनमध्ये सगळे सामने हरून बारावे आल्यावरही मायकल नॉब्स वर्षभर राहिले, मग गेले. टेरी वॉल्श यांनी २०१४ ला इंचॉनमध्ये एशियाडचं सुवर्ण आणि त्याबरोबर थेट रिओचं तिकीट मिळवून दिलं, आणि काही आठवड्यांत मानधन व अधिकारांच्या वादातून ते गेले. पॉल व्हॅन आस सहा महिने टिकले. अँटवर्पच्या स्पर्धेत संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष नरिंदर बत्रा यांच्याशी खटका उडाला आणि विषय संपला. मग रोलंट ओल्टमन्स.

पण ओल्टमन्स २०१३ पासून इथेच होते, हाय परफॉर्मन्स डायरेक्टर म्हणून. कोच बदलत असताना खालच्या फळीवर लक्ष ठेवणारा एक माणूस जागेवर होता. २०१३ ला हॉकी इंडिया लीग सुरू झाली आणि ज्युनियर मुलं जगातल्या नामवंतांच्या खांद्याला खांदा लावून खेळू लागली. दबंग मुंबईकडून खेळणारा हरमनप्रीत सिंग त्यातलाच. पानपोशचं क्रीडा वसतिगृह, राउरकेल्याची सेलची अकादमी, जालंधरची सुरजित अकादमी इथली मुलं आता लहान वयात टर्फवर येत होती. डिसेंबर २०१६ ला लखनौमध्ये बेल्जियमला २-१ ने हरवून भारताने पुन्हा कनिष्ठ विश्वचषक जिंकला. कोच हरेंद्र सिंग.

होबार्टची फळी विखुरली, लखनौची टिकली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीला ५-४ ने हरवून ४१ वर्षांनी पदक आलं, तेही कांस्य, त्या संघात हरमनप्रीत, मनदीप, वरुण कुमार, सुमित, नीलकांत शर्मा, गुरजंत आणि सिमरनजीत अशी लखनौची सात मुलं होती. त्या सामन्यात दोन गोल सिमरनजीतचे. मधल्या काळात ओल्टमन्स, मरीन, हरेंद्र असे तीन कोच येऊन गेले हे खरं, पण एप्रिल २०१९ पासून ग्रॅहॅम रीड यांना टोकियोपर्यंत कुणी हात लावला नाही. २०१८ पासून ओडिशा सरकारचा पैसा आणि भुवनेश्वरची सोय पाठीशी होती. रीड यांचं श्रेय मला कमी करायचं नाही. त्यांना मिळालेल्या पिकाची पेरणी पाच वर्षं आधीची होती, एवढंच. २०२३ च्या घरच्या विश्वचषकात नववं स्थान आल्यावर त्यांनी राजीनामा दिला. क्रेग फुल्टन आले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला सलग दुसरं कांस्य आलं.

महिलांच्या बाबतीत हेच सूत्र आणखी ठळक दिसतं. २०१३ ला मुलींनी जर्मनीत कनिष्ठ विश्वचषकाचं पहिलंवहिलं कांस्य जिंकलं. त्यातल्या राणी रामपाल, वंदना कटारिया, नवनीत कौर आठ वर्षांनी टोकियोत चौथ्या आलेल्या संघात होत्या. मरीन तेव्हा कोच होते आणि त्यांनी या मुलींमध्ये निडरपणा आणला. पण राणी, वंदना मावळल्यावर काय, याची तयारी तेवढी झाली नव्हती. जानेवारी २०२४ ला रांचीत जपानकडून ०-१ हरून पॅरिस हुकलं. महिला संघाच्या तेव्हाच्या कोच यानेके शॉपमन यांनी इथे आपल्याला मान मिळत नसल्याचं उघडपणे सांगितलं आणि राजीनामा दिला. एका बाईने, राष्ट्रीय संघाच्या कोचने, हे बोलावं आणि चर्चा मात्र तिच्या निकालांचीच व्हावी, याचं मला आजही वाईट वाटतं. हरेंद्र आले. संघ प्रो लीग या आंतरराष्ट्रीय साखळी स्पर्धेत तळाला जाऊन खालच्या गटात उतरला, आशिया कपला रौप्य मिळालं, आणि मग पुन्हा मरीन.

महिलांची लीग २०२५ च्या जानेवारीत पहिल्यांदा झाली, पुरुषांची सुरू झाल्यानंतर बारा वर्षांनी. २०१३ च्या मुलींच्या मागून आलेल्या मुलींना पुरुषांसारखे चुरशीचे सामने तेवढी वर्षं मिळालेच नाहीत. मरीन यांना आज जो संघ मिळाला आहे त्यात ही बारा वर्षं आहेत. त्यांच्या पहिल्या पराभवानंतर पुन्हा देशी-परदेशीचा वाद पेटेल, तेव्हा मला त्यांच्याबद्दल कमी आणि कनिष्ठ संघाच्या मुली वर्षाकाठी किती सामने खेळतात याबद्दल जास्त ऐकायचं आहे.

मुलांकडे एक चांगली गोष्ट घडली आहे. पॅरिसच्या शेवटच्या सामन्यानंतर गोलकीपरचे पॅड उतरवलेला पी. आर. श्रीजेश थेट कनिष्ठ संघाचा कोच झाला.