पोटमाळा (मुंबईच्या चाळींतील)

पोटमाळा म्हणजे खोलीची जमीन आणि तिचे छत यांच्या दरम्यान, खोलीच्या काही भागावर किंवा क्वचित संपूर्ण भागावर घातलेला मधला मजला. कोकणातील कौलारू घरांत छपराखालचा माळा भात, नारळ, सरपण आणि वर्षाकाठी लागणारे सामान ठेवण्यासाठी पूर्वापार वापरात होता. त्यामुळे गिरणीत कामाला आलेल्या कोकणातील माणसांना ही रचना परकी नव्हती. मुंबईच्या चाळीत मात्र तिचा उपयोग बदलला. गावाकडे माळ्यावर धान्य राहत असे, शहरात माळ्यावर माणसे राहू लागली.

लालबाग, परळ, गिरगाव, दादर या भागांतील चाळींमध्ये एका बिऱ्हाडाला बहुधा एकच खोली मिळे. फार तर दोन. सुमारे दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलीतच मोरी, चूल किंवा स्टोव्ह, देव्हारा आणि बसण्याझोपण्याची जागा असे सगळे बसवावे लागे. शौचालये मजल्याच्या टोकाला सामायिक असत. सुरुवातीच्या काळात अशा कित्येक खोल्यांत एकाच गावचे पुरुष मिळून राहत. गिरण्या पाळ्यांमध्ये चालत असल्याने रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीच्या माणसाची वळकटी आवरलेली असे. पुढे बायकामुले गावाहून आली, मुलांची लग्ने झाली, आणि त्याच खोलीत दोन-तीन पिढ्या नांदू लागल्या. दुसरीकडे जाणे सोपे नव्हते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीच्या आसपास गोठवली, त्यामुळे हातातली खोली सोडणे म्हणजे परवडणारे घर कायमचे गमावणे होते. जमीन वाढणार नव्हती, तेव्हा कुटुंबांनी उंचीकडे पाहिले.

ही उंची उपलब्ध होती, हे पोटमाळ्यामागचे खरे कारण होय. उष्ण व दमट हवेचा विचार करून जुन्या चाळींची छते उंच ठेवलेली असत. दहा-अकरा फूट उंचीची खोली विशेष मानली जात नसे. अकरा फुटांच्या खोलीत साडेसहा फुटांवर माळा घातला, तर खाली उंच माणूसही डोके न वाकवता वावरू शकतो आणि वर जेमतेम चार फूट उरतात. तेवढ्यात उभे राहता येत नाही, पण मांडी घालून बसता येते, अभ्यास करता येतो आणि झोपता येते. अर्ध्या खोलीवरच माळा घालण्याची पद्धत अधिक रूढ झाली, कारण पूर्ण माळा घातल्यास खालच्या भागाची हवा आणि उजेड दोन्ही जातात. बहुतेक ठिकाणी माळा मोरीच्या आणि स्वयंपाकाच्या बाजूला येतो व खिडकीकडचा भाग मोकळा ठेवला जातो. ही निवड शहाणपणाची असली, तरी तिचा एक तोटा आहे: फोडणीचा धूर आणि वाफ थेट माळ्यावर साचते.

जुन्या पोटमाळ्यांची बांधणी लाकडी असे. समोरासमोरच्या भिंतींत खोबणी पाडून त्यांत वासे बसवत आणि वाशांवर फळ्यांची तक्तपोशी ठोकत. पुढील काळात लोखंडी चॅनेल आणि अँगल यांची चौकट वेल्डिंग करून तिच्यावर कडप्पा किंवा प्लायवूड टाकण्याची रीत आली. सुतार असो वा फॅब्रिकेटर, त्याचे कसब वासे कोठे टेकवायचे हे ठरवण्यात दिसते. पेलणारी विटांची भिंत ओझे घेते. दोन खोल्यांमधली फळ्यांची किंवा पातळ आडभिंत ते घेऊ शकत नाही. माळ्यावर पाण्याची टाकी ठेवण्याचा मोह पहाटे तासभर पाणी येणाऱ्या चाळीत समजण्यासारखा आहे, परंतु २०० लिटर पाण्याचे वजनच २०० किलो भरते आणि गळतीने लाकूड कुजते व विटा कमकुवत होतात. शिडी सहसा सुटी व उभी असते. दिवसा ती भिंतीला टांगून ठेवली की खालची दोन फूट जागा मोकळी होते.

माळ्याचा वापर कुटुंबाच्या वयाप्रमाणे बदलत जातो. घरात लग्न झाले की माळा नव्या जोडप्याला मिळतो आणि पुढे पडदा लागतो. एका खोलीच्या घरात आडोसा म्हणून एवढाच उपाय असतो. मुले मोठी झाली की तेथे अभ्यासाचा दिवा आणि लहान पंखा येतो. कोपऱ्यात पत्र्याच्या ट्रंका, जादा गाद्या, गणपतीचे मखर आणि पाहुणे आले की लागणारी मोठी पातेली असतात. म्हाताऱ्या माणसांना शिडी चढवत नाही म्हणून ती खाली, पलंगावर झोपतात. तो पलंगही पायांखाली विटा देऊन उंच केलेला असतो, म्हणजे त्याच्याखाली धान्याचे डबे राहतात आणि रात्री एखादी पथारी पसरता येते. माळ्यावरचे सामान काढणे-ठेवणे, झाडणे, जड भांडी शिडीवरून उतरवणे हे काम प्रामुख्याने घरातील बायकांच्या वाट्याला आले. पोटमाळ्याचे कौतुक करताना हे श्रम नजरेआड होऊ नयेत. वरच्या मजल्यावरील खोल्यांत, विशेषतः पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराखाली, एप्रिल-मे महिन्यांत माळ्यावर झोपणे असह्य होते आणि माणसे गॅलरीत किंवा गच्चीवर अंथरूण टाकतात.

कायद्याच्या दृष्टीने पोटमाळ्याचे स्थान नेहमी नाजूक राहिले. बांधकाम नियमांत सामानासाठीचा माळा व राहण्याचा मधला मजला यांत भेद केलेला आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार सामानाच्या माळ्याची उंची १.५ मीटरपेक्षा अधिक नसावी आणि राहत्या खोलीची उंची साधारणतः २.७५ मीटर असावी. चार फुटांच्या माळ्यावर झोपणारे कुटुंब या दोन्ही व्याख्यांच्या मध्ये अडकते. भाडेकरूसमोर आणखी एक धोका असतो. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केल्यास महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार मालकाला खोलीचा ताबा मागता येतो. लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, हवेसाठी खिडकी इत्यादी कामे, आवश्यक तेथे पालिकेची परवानगी घेऊन केलेली असल्यास, ‘कायमस्वरूपी बांधकामा’च्या व्याख्येतून वगळली आहेत. त्या यादीत माळ्याचा उल्लेख नाही. म्हणून माळा भिंतीत कसा बसवला आहे, इमारतीला इजा न करता तो काढता येतो का आणि तो कोणत्या हेतूने घातला, या प्रश्नांवर मालक-भाडेकरूंचे वाद न्यायालयात लढले गेले. सुट्या बोल्टांवर बसवलेली चौकट अनेकांनी पसंत केली, त्यामागे हेही एक कारण होते.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींत खोल्यांचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट होते. त्यांपैकी वरळी, नायगाव व डिलाईल रोड येथील चाळींच्या पुनर्विकासात म्हाडाकडून पात्र रहिवाशांना ५०० चौरस फुटांची सदनिका दिली जाते. जमिनीवरची जागा तिपटीने वाढते, तर नव्या इमारतींतील छते सर्वसाधारणपणे नऊ-साडेनऊ फुटांवर येतात. तेवढ्या उंचीत माणसाला बसता येईल असा माळा होत नाही. न्हाणीघरावर किंवा पॅसेजवर सामानापुरती फळी तेवढी निघते.