हेन्री कॅप्लन: झोत किती, आणि नेमका कुठे?

१९४८ साली हेन्री कॅप्लन अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रेडिओलॉजी विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा जेमतेम तिशीचे होते. त्या काळी कर्करोगावर किरणोपचार म्हणजे बहुधा २००-२५० किलोव्होल्टचे एक्स-रे. त्यांचा जोर कातडीवरच सर्वांत जास्त. खोलवरच्या गाठीला पुरेसा डोस द्यायचा, तर वरची कातडी भाजून निघायची.

त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देणारी यंत्रं बांधत होते. क्लायस्ट्रॉन नावाच्या नळीतून सूक्ष्मलहरी निघतात, त्यांच्या जोरावर इलेक्ट्रॉन धावतात, जड धातूवर आदळतात आणि तिथून भेदक एक्स-रे बाहेर पडतात. सहा दशलक्ष व्होल्टच्या अशा किरणांचा सर्वाधिक डोस कातडीच्या दीडेक सेंटिमीटर आत पडतो. कॅप्लननी त्यांच्यातल्याच एडवर्ड गिन्झ्टन यांना गाठलं आणि १९५६ च्या सुमारास हे यंत्र रुग्णांसाठी सुरू झालं. जगातलं पहिलं म्हणता येत नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५३ पासूनच इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत वेग देणारं असं यंत्र, म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, चालू होतं. स्टॅनफर्डच्या सुरुवातीच्या रुग्णांत डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग झालेला एक लहानगा होता. एक डोळा काढावा लागला होता, दुसऱ्याची दृष्टी वाचली.

यंत्राचं कौतुक खूप झालं. मला मोठं वाटतं ते त्यानंतरचं काम. हॉजकिन्स हा लसिकाग्रंथींचा कर्करोग तेव्हा बहुतेक डॉक्टर असाध्यच धरत. टोरांटोच्या डॉक्टर व्हेरा पीटर्स यांनी १९५० मध्येच दाखवलं होतं, की आजार फार पसरण्याआधी गाठींसोबत शेजारच्या ग्रंथींवरही किरण दिले तर रुग्ण बरे होऊ शकतात. कॅप्लन आणि त्यांचे सहकारी डॉक्टर सॉल रोझेनबर्ग यांनी १९६२ पासून रुग्णांचे यादृच्छिक गट पाडून उपचारांची तुलना सुरू केली. आजार कुठवर गेलाय ते आधी शोधायचं, मग झोत ठरवायचा, असा कॅप्लन यांचा हट्टच होता. मान, काखा, छाती एकाच झोतात. फुप्फुसांवर किरण पडू नयेत म्हणून आड शिशाचे ठोकळे. महिनाभरात चाळीसेक ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणांचं माप).

रुग्ण जगले, आणि जगले म्हणूनच दूरगामी दुष्परिणामही दिसले. काहींना दहा-वीस वर्षांनी हृदयविकार जडला. तरुणपणी छातीवर किरण घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलं. मग तशाच चाचण्यांमधून डोस उतरवत आणला गेला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, कमी जोखमीच्या हॉजकिन्सला केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांनंतर २० ग्रे पुरतात, असं पुढे जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं.