पावडरवालं की वायरवालं? मेटल थ्रीडी प्रिंटिंगमधला घोळ

मेटल थ्रीडी प्रिंटिंग म्हटलं की बहुतेकांना लेझर आणि पावडर आठवते. पण रोबोटच्या हातात वेल्डिंग टॉर्च देऊन धातूची भिंत चढवणं, म्हणजेच ‘वाम’ ऊर्फ वायर आर्क पद्धत (विजेच्या आर्कने, म्हणजे सलग ठिणगीने, वायर वितळवणं), हेही त्याच नावाखाली येतं. त्यामुळे एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवले जातात.

पावडरच्या मशीनमध्ये बंद चेंबर असतो, थर ३० ते ६० मायक्रॉनचा आणि लेझर हवा तेवढाच भाग वितळवतो. आतून वळणावळणाचे कूलिंग चॅनेल हवे असतील तर हाच मार्ग. मात्र जॉब, म्हणजे घडवायची वस्तू, चेंबरपेक्षा मोठा होत नाही आणि वेळ भरपूर लागतो.

वाममध्ये नेहमीचीच १.२ मिमीची वेल्डिंग वायर चालते. थर १ ते २ मिमीचा, स्टील ताशी साधारण १ ते ४ किलो चढतं. २०१७ मध्ये रॉटरडॅमला ब्राँझचा सुमारे ४०० किलोचा जहाजाचा पंखा असाच २९८ थरांत उभा राहिला. कल्पना मात्र जुनी आहे: आर्कने वस्तू घडवण्याचं अमेरिकन पेटंट १९२५ चं आहे.

मग इतकी वर्षं अडलं कुठे? उष्णतेपाशी. पहिले थर बेस प्लेटवर पटकन थंड होतात. भिंत वर गेली की उष्णतेला खाली उतरायला तेवढी अरुंद भिंतच उरते. वितळलेला धातू पसरतो, कडा ओघळतात. म्हणून प्रत्येक थरानंतर थांबावं लागतं. ताशी किलोचे आकडे सांगताना हा थांबण्याचा वेळ कुणी धरत नाही, आणि हे मला फार खटकतं. शिवाय बीड, म्हणजे वेल्डिंगची एक ओळ, जिथे सुरू होतो तिथे उंचवटा येतो, संपतो तिथे खड्डा पडतो. दरवेळी त्याच बाजूने सुरुवात केली तर काही थरांत भिंत तिरकी होते. म्हणून दिशा आलटूनपालटून घेतात. पृष्ठभाग लाटांसारखा राहतो, त्यामुळे शेवटी मशिनिंग, म्हणजे मशीनवर कापून गुळगुळीत करणं, टळत नाही.

खरी प्रगती इथेच झाली. कोल्ड मेटल ट्रान्स्फर या वेल्डिंगच्या प्रकारात वायर सेकंदाला अनेकदा मागे खेचली जाते, त्यामुळे उष्णता आणि स्पॅटर (उडणारे धातूचे शिंतोडे) दोन्ही कमी. टायटॅनियमच्या प्रत्येक थरावर रोलर फिरवला की पुढच्या थराच्या उष्णतेने धातूच्या आतल्या रचनेतले उभे लांबट कण (ग्रेन) मोडून बारीक होतात आणि आतले ताणही घटतात.

पुढचं काम देखरेखीचं आहे. आर्कचे व्होल्टेज-करंट आणि कॅमेरा वाचून मशीनने चालू थरातच वेग किंवा करंट बदलावा, यावर संशोधन जोरात आहे. शंभराव्या थरातलं छिद्र तीनशेव्या थरानंतर सापडलं, तर अख्खा जॉब भंगारात जातो.