दुप्पट वारंवारतेचा सिग्नल: खरा की कॉन्टॅक्टचा?

तांब्याच्या तारेत प्रवाह दुप्पट केला की व्होल्टेज दुप्पट होते, प्रवाह उलटवला की तेही उलटते. टंगस्टन डायटेल्युराइड या थराथरांच्या स्फटिकाच्या दोन-चार थरांच्या पापुद्र्यात मात्र प्रवाहाला काटकोनात वेगळेच व्होल्टेज उमटते. प्रवाह दुप्पट केला की ते चौपट होते, आणि प्रवाह उलटवला तरी चिन्ह बदलत नाही. हा अरेषीय हॉल परिणाम. 1879 साली एडविन हॉल यांना दिसलेल्या परिणामाला चुंबक लागतो, इथे लागत नाही. 2015 मध्ये सोडेमान आणि फू या भौतिकशास्त्रज्ञांनी याचे गणित मांडले. 2019 मध्ये प्रयोगाचे निबंध छापून आले.

चुंबकाचे काम इथे स्फटिकाची रचना करते. विद्युतक्षेत्र लावले की एका दिशेचे इलेक्ट्रॉन डावीकडे ढकलले जातात, विरुद्ध दिशेचे उजवीकडे. दोन्हीकडे संख्या सारखी असती तर बेरीज शून्य झाली असती. पण तेच क्षेत्र एका दिशेची गर्दी वाढवते. म्हणजे क्षेत्राचे काम दोनदा: तोल बिघडवणे आणि आडवे ढकलणे. म्हणून वर्ग. क्षेत्र उलटवले तर दोन्ही गोष्टी उलटतात, आणि चिन्ह होते तेच राहते.

मोजणी लॉक-इन अॅम्प्लिफायरवर होते, म्हणजे ठरवलेल्या वारंवारतेचाच सिग्नल वेचून मोजणाऱ्या यंत्रावर. प्रवाह मागेपुढे हलता ठेवला की वर्गामुळे व्होल्टेजची वारंवारता दुप्पट होते. 17.7 हर्ट्झचा प्रवाह द्या, दुसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे 35.4 हर्ट्झवर, आडवे व्होल्टेज वाचा. 25 हर्ट्झ चुकूनही नको. त्याची दुप्पट नेमकी आपल्या मेन्सची 50 हर्ट्झ. साइनच्या वर्गातून कोसाइन निघतो, त्यामुळे खरा सिग्नल एक्सऐवजी (साइनशी ताल जुळणारा भाग) वाय चॅनेलवर (पाव आवर्तन सरकलेला भाग) दिसतो. नवखे इथेच फसतात.

सिग्नल दिसणे सोपे, त्यावर विश्वास ठेवणे अवघड. डायोडसारखा, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने सहज जाऊ देणारा, खराब कॉन्टॅक्टही (इलेक्ट्रोड आणि पापुद्रा यांचा सांधा) दुप्पट वारंवारता देतो. आधी प्रत्येक कॉन्टॅक्टचा प्रवाह-व्होल्टेज आलेख सरळ रेषेत येतो का ते तपासा. वारंवारता बदलल्यावर आकडा बदलला तर तारांमधली कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) घुसली आहे. सगळ्यात चिवट म्हणजे प्रवाहाने पापुद्रा तापणे, कारण तेही प्रवाहाच्या वर्गाने वाढते. त्यासाठी इलेक्ट्रोड वर्तुळावर मांडून प्रवाहाची दिशा फिरवतात. प्रवाह स्फटिकाच्या ए अक्षावर असताना सिग्नल कमाल असतो, बी अक्षावर तो शून्य व्हायला हवा. तापणे मात्र तिथेही चालूच असते.

पुण्यात जून ते सप्टेंबर आणखी एक अडचण येते. पापुद्रे चिकटटेपने स्फटिकापासून सोलून सिलिकॉनच्या चकतीवर ठेवतात. दमट हवेत त्या चकतीवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि टेपवरचे पापुद्रे नीट चिकटत नाहीत. चकती आधी हॉट प्लेटवर 100 अंशांपर्यंत तापवून घ्यावी. पातळ पापुद्रा हवेत ऑक्सिडाइझ होतो, म्हणून सोलणे आरगॉन वायूने भरलेल्या बंद ग्लोव्ह बॉक्समध्ये करावे आणि वर बोरॉन नायट्राइडचे झाकण घालूनच तो बाहेर काढावा. सोललेला पापुद्रा बहुधा लांबट पट्टीसारखा निघतो. त्याची लांब कड सहसा ए अक्षाचीच असते, तेव्हा पहिले इलेक्ट्रोड तिच्या दोन टोकांना लावावेत.