घट्ट बसावं, पण सुटावंही: ब्रॅकेट चिकटवण्यामागची पार्श्वभूमी

दात सरळ करताना तार धरून ठेवणारा जो इवलासा ब्रॅकेट आज दातावर थेट चिकटवतात, तो पूर्वी तसा बसतच नसे. प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा, म्हणजे बँड, झिंक फॉस्फेट सिमेंटने बसवायचा आणि ब्रॅकेट त्या बँडवर. त्यासाठी दातांमध्ये आधी फट करावी लागे. सिमेंट झिजलं की बँडच्या आड, कुणाला न दिसता, दात किडू लागे.

खरी अडचण एनॅमलची, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाची, होती. ते गुळगुळीत, त्यात तोंड कायम ओलं. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी यावर तोड काढली. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूला फॉस्फोरिक आम्ल लावतात, त्यावरून त्यांना दाताची कल्पना सुचली. त्यांनी ८५ टक्के आम्ल वापरलं. आज ३७ टक्के पुरतं. आम्ल धुऊन दात वाळवला की त्याची चकाकी जाते आणि तो खडूसारखा पांढरा दिसतो. त्या पांढरेपणात असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. पातळ रेझिन, म्हणजे घट्ट होणारं चिकट द्रव्य, त्यांत झिरपून कडक होतं आणि तिथेच अडकून बसतं. पकड मुख्यतः या अडकण्याची आहे, म्हणून एचिंगनंतर, म्हणजे आम्ल लावून झाल्यावर, लाळेचा थेंब लागला तरी सगळं पुन्हा करावं लागतं.

१९६५ मध्ये जॉर्ज न्यूमन यांनी एपॉक्सी या चिकट रेझिनने ब्रॅकेट चिकटवून दाखवले. पुढे राफाएल बोवेन यांच्या बिस-जीएमए रेझिनवर आधारलेली कॉम्पोझिट, म्हणजे बारीक भुकटी मिसळलेली रेझिनं, आली आणि आजही तीच जास्त चालतात. आधीची मिसळली की लगेच घट्ट होऊ लागत. प्रकाशाने घट्ट होणारी आल्यावर ब्रॅकेट निवांत जागेवर सरकवता येऊ लागला.

मग किती पकड पुरे? १९७५ मध्ये रेनॉल्ड्स यांनी ५.९ ते ७.८ मेगापास्कल (ठरावीक क्षेत्रफळावरचा जोर मोजायचं एकक) असा अंदाज मांडला, आणि प्रयोगशाळेतले आकडे आजही त्याच्याशी ताडून पाहतात. माझ्या मते या आकड्याचा अर्थ बरेचदा उलटा लावला जातो. जास्त पकड म्हणजे जास्त चांगलं, असं इथे नाही. ब्रॅकेट शेवटी काढायचाच असतो, आणि तो निघताना एनॅमलचा टवका गेला तर ते परत येत नाही.

१९७० च्या दशकात विल्सन आणि केंट यांचं ग्लास आयोनोमर हे सिमेंट आलं. ते दाताशी रासायनिक बंध जोडतं आणि फ्लोराइड सोडतं. ब्रॅकेटभोवती पांढरे डाग, म्हणजे किडीची सुरुवात, पडणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट. पण पकड कमी, म्हणून त्यात रेझिन मिसळलेले प्रकार निघाले.

नुसत्या ताकदीवरून चिकटद्रव्य जोखू नये, हे १९८४ च्या आर्टुन आणि बर्गलँड यांच्या, दातावर उरलेलं चिकटद्रव्य मोजणाऱ्या निर्देशांकाने पक्कं केलं. ब्रॅकेट सुटल्यावर दातावर काहीच उरलं नाही तर ०. सगळं उरलं, अगदी ब्रॅकेटच्या जाळीचा ठसाही दिसला, तर ३. साफसफाईला वेळ लागला तरी मला ३ पाहून हायसं वाटतं, कारण तुटलंय ते एनॅमलपासून दूर.