कोरियन शेकघरातले दगड

कोरियातल्या जिमजिलबांगमध्ये, म्हणजे सार्वजनिक शेकघरात, खायला मिळणारं अंडं सोललं की आतून पांढरं निघत नाही. पांढरा बलक चहाच्या रंगाचा झालेला असतो आणि चवीला थोडा धुरकट, खरपूस लागतो. मंद आचेवर तासन्‌तास भाजल्यामुळे हा रंग येतो. सोबत थंडगार शिकहे, म्हणजे अंकुरवलेल्या जवाच्या पाण्यात मुरवलेल्या भाताचं गोड पेय. या अंड्याचं नाव मात्र एका दगडावरून पडलंय : मेकबानसोक अंडं. मेक म्हणजे जव, बान म्हणजे शिजवलेला भात, सोक म्हणजे दगड. करड्या खडकात फेल्डस्पारचे पांढरे दाणे असे विखुरलेले असतात, की जवाच्या भाताचं ढेकूळच वाटावं.

याच दगडाच्या लाद्या शेजारच्या एखाद्या खोलीच्या भिंतीला असतात. तिच्या पलीकडे जेडची खोली, मग ॲमेथिस्टची, मग मिठाची, मातीची, कोळशाची. प्रत्येक दारावर खनिजाचं नाव, तापमान आणि बहुतेक वेळा गुणांची लांबलचक यादी. हे सगळं शेकडो वर्षांपासून चालत आलंय, असा पाहुण्यांचा समज होतो आणि मालकही तो खोडून काढत नाहीत. खरं तर त्यातला शेक जुना आहे, खनिजांच्या पाट्या बऱ्याच अलीकडच्या.

‘जिमजिल’ या शब्दाला मराठीत नेमका शब्द आहे : शेक. तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधायचं आणि दुखऱ्या गुडघ्यावर ठेवायचं, ते जिमजिल. ‘बांग’ म्हणजे खोली. एकूण काय, तर शेकाची खोली.

या शेकाची जुनी नोंद जोसन राजघराण्याच्या बखरींत सापडते. साल १४२२, गादीवर राजा सेजोंग. पुढे कोरियन लिपी घडवणारा तोच हा. राजधानीत तेव्हा ‘हानजुंगसो’, म्हणजे घाम काढण्याची ठिकाणं होती आणि ती बौद्ध भिक्षू चालवत. जोसन राज्य कन्फ्यूशियस विचारांचं, मठांवर बंधनं घालणारं. पण हे काम मात्र त्यानं भिक्षूंकडेच राहू दिलं. तक्रार वेगळीच होती. बरं व्हायला आत गेलेले काही रोगी दगावत होते. सेजोंगनं चौकशी लावली : याचा उपयोग होतो की नाही ते पाहा, होत नसेल तर बंद करा, होत असेल तर चांगले वैद्य नेमा. तपासाअंती कळलं, की रोग कोणता हे न विचारताच भिक्षू सगळ्यांचा घाम काढत होते. मग वैद्यांनी आधी तपासायचं आणि अशक्त माणसाला आत सोडायचं नाही, असा नियम झाला. १४२७ मध्ये गरीब रोग्यांचा खर्च भागावा म्हणून भिक्षूंनी सरकारकडे निधी मागितल्याचीही नोंद आहे. या सगळ्या कारभारात दगड कुठला वापरावा याची चर्चा नाही. प्रश्न फक्त उष्णतेचा आणि रोग्याचा.

दगड होता, पण भिंतीत. पारंपरिक हानजुंगमाक म्हणजे दगड रचून केलेला घुमट, बाहेरून पिवळ्या मातीचा, ह्वांगतोचा, जाड लेप. दार इतकं बुटकं की रांगतच आत जावं लागतं. आत पाइनचं सरपण कित्येक तास जाळायचं. मग निखारे ओढून बाहेर काढायचे, जमिनीवर ओल्या चटया अंथरायच्या आणि हेम्पचं जाडंभरडं कापड डोक्यापासून अंगावर घेऊन आत शिरायचं. कापड नसेल तर कान आणि नाकाचा शेंडा आधी भाजतो. आतल्या हवेचं तापमान १०० अंशांच्या आसपास जाऊ शकतं, त्यामुळे काही मिनिटांतच बाहेर यावं लागतं. आग विझल्यावरही घुमट तापलेला राहतो, कारण एक टन ग्रॅनाईट १०० अंशांनी निवताना साधारण २२ युनिट विजेइतकी उष्णता परत देतो. घुमटात असे कित्येक टन असतात. दगडाचं काम एवढंच : उष्णता साठवायची आणि सावकाश सोडायची.

घरातही दगडाकडे हेच काम होतं. ओंदोल पद्धतीत चुलीचा धूर जमिनीखालच्या पोकळ्यांतून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतो. वर चपट्या दगडी फरश्या, त्यांवर मातीचं सारवण आणि तेल लावलेला कागद. चुलीजवळचा कोपरा सगळ्यात उबदार, त्याला ‘आरेनमोक’ म्हणतात. तो आजी-आजोबांचा, नाहीतर पाहुण्यांचा. विसाव्या शतकात लाकडाऐवजी कोळशाच्या वड्या आल्या आणि फरशीच्या फटींतून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं अनेकांचे झोपेत जीव घेतले. पुढे अपार्टमेंट आली आणि जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप आले. घरं सुरक्षित झाली, पण पाठ टेकवावी असा तापलेला दगड घरातून गेला. जिमजिलबांगनं तो गिऱ्हाइकाला परत विकला, असं माझं मत.

जिमजिलबांग हा प्रकार १९९० च्या दशकातला. सुरुवात बुसानकडची मानतात. जपानी राजवटीत रुजलेली सार्वजनिक न्हाणीघरं आणि जुना हानजुंगमाक यांचं ते लग्न. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर चोवीस तास उघडी असणारी ही स्वस्त जागा घरच्या सहलीला, रात्रीच्या मुक्कामाला, नोकरी गेलेल्यांना वेळ काढायलाही सोयीची ठरली. एकेका गल्लीत दोन-दोन झाली. गरम खोली तर सगळ्यांकडेच असते. मग शेजाऱ्यापेक्षा वेगळं काय द्यायचं? इथे खनिजांच्या पाट्या कामी आल्या.

पाट्यांना आधार जुन्या ग्रंथांचा होता. हो जुनच्या ‘दोंगुई बोगाम’ या १६१३ मध्ये छापलेल्या वैद्यकग्रंथात मातीचं वेगळं प्रकरण आहे. त्यात ह्वांगतो आहे, चुलीच्या तळाची भाजलेली मातीही आहे. मेकबानसोक चीनच्या ली शीचन या वैद्याच्या ग्रंथात येतो : दगड तापवायचा, व्हिनेगरमध्ये विझवायचा, कुटून त्याचा गळवावर लेप द्यायचा. गंमत अशी, की यातलं काहीच भिंतीबद्दल नाही. पोटात घ्यायचं किंवा अंगाला लावायचं औषध चारशे वर्षांनी लादी होऊन भिंतीला चिकटलं आणि गुण मात्र तेच सांगितले जाऊ लागले.

बाकीची खनिजं जवळ मिळत होती म्हणून आली. जेड गांगवन प्रांतातल्या चुनचनचं, नेफ्राईट जातीचं. जोसन काळात जेड दागिन्यांत आणि बड्या अधिकाऱ्यांच्या शिरपट्टीच्या कड्यांत दिसे. गर्द जांभळं ॲमेथिस्ट उल्सानजवळच्या उनयांगचं. तिथली जुनी खाण आता तिकीट काढून पाहता येते. मीठ पश्चिमेकडच्या शिनान बेटांवरच्या मिठागरांतलं. अलीकडे गुलाबी विटाही दिसतात आणि त्या पाहून मराठी माणसाला हसू येईल : पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीचं ते शेंदेलोण, आपल्या उपासाच्या बटाट्यात पडतं तेच.

या सगळ्यांना एका माळेत ओवणारा शब्द म्हणजे फार-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण. अमुक दगड हे किरण सोडतो, म्हणून शेक खोलवर जातो, असा दावा. दगड किरण सोडतो हे खरंच आहे. पण कोणतीही तापलेली वस्तू सोडते. ६० ते ८० अंशांच्या भिंतीचा भर ८ ते ९ मायक्रोमीटर तरंगलांबीवर असतो आणि तो तापमानावर ठरतो, दगडाच्या किमतीवर नाही. ग्रॅनाईट, माती, साधी वीट, सगळे जवळपास सारख्याच जोमानं किरण सोडतात. अपवाद निघालाच तर मिठाचा, आणि तो उलट्या बाजूचा : शुद्ध मीठ इन्फ्रारेडला पारदर्शक असतं, प्रकाशाला काच असते तसं. म्हणून तर प्रयोगशाळेत इन्फ्रारेड यंत्रात मिठाच्या चकत्या वापरतात.

दुसरा शब्द ‘ऋण आयन’, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण, आणि तो महागात पडला. ऋण आयन मिळावेत म्हणून काही उत्पादक वस्तूंमध्ये मोनाझाईट या खनिजाची पूड मिसळत. मोनाझाईटमध्ये थोरियम आणि युरेनियम असतं, म्हणजे ते किरणोत्सर्गी. मे २०१८ मध्ये दक्षिण कोरियात एका कंपनीच्या गाद्यांमध्ये या पुडीमुळे रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू सापडला, देशभर गदारोळ झाला आणि हजारो गाद्या परत घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी कायदा बदलून ऋण आयनांच्या नावाखाली असा कच्चा माल अंगाजवळच्या वस्तूंत वापरायला बंदी आली. जेड किंवा ॲमेथिस्टच्या लाद्यांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. पण ‘खनिज म्हणजे गुणकारीच’ या भाबडेपणाला पहिल्यांदा मोठा तडा गेला.

शेकाची आवड मात्र टिकून आहे. शंभर अंशांच्या घुमटातून घामाघूम बाहेर येणारा कोरियन माणूस आजही ‘शिवनहादा’ म्हणतो. त्या शब्दाचा कोशातला पहिला अर्थ ‘गार, हवेशीर’. आपण ‘हायसं वाटलं’ म्हणू. आणि ते तपकिरी अंडं आता लोक घरीही करतात, विजेच्या प्रेशर कुकरमध्ये तासभर ठेवून. रंग तसाच येतो, चवही जवळपास तीच. कुकरमध्ये दगड नसतो; नाव मात्र मेकबानसोक अंडं.