रेड वाईन ब्लेंड (सांगली-सातारा परिसरातील आस्वाद)

काळ्या द्राक्षांच्या दोन किंवा अधिक वाणांच्या वाईन ठरावीक प्रमाणात एकत्र करून बाटलीत भरल्या की त्या वाईनला ब्लेंड म्हणतात. बहुधा प्रत्येक वाण वेगळ्या टाकीत आंबवतात आणि बाटलीत भरण्याआधी मिश्रण ठरवतात. ही नोंद ७५० मिलीच्या बाटलीला साधारण हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या कोरड्या, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेल्या, ब्लेंडपुरती आहे. अशी बाटली सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्यात घरी किंवा हॉटेलात उघडली तर तिच्यातून पुरती चव कशी काढायची, एवढाच तिचा विषय.

व्हिस्कीमुळे ‘ब्लेंड’ म्हटले की हलका, भेसळीचा माल असे अनेकांना वाटते. वाईनच्या बाबतीत हे खरे नाही. फ्रान्समधल्या बोर्दो भागातील नामांकित रेड वाईन बहुतेक ब्लेंडच असतात: कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, कॅबर्ने फ्रां आणि थोडी पेती व्हर्दो. ऱ्होन खोऱ्याच्या दक्षिणेत ग्रनाश, सिरा आणि मुर्व्हेद्र यांची जोडणी चालते. लेबलवर एकाच वाणाचे नाव असले तरी आत तेवढेच असते असेही नाही. युरोपीय संघात त्या वाणाचे किमान ८५ टक्के आणि अमेरिकेत साधारणपणे ७५ टक्के प्रमाण पुरते.

मिसळण्यामागचे कारण साधे आहे. कॅबर्नेला तुरटपणा आणि कणा असतो, पण मधला घोट पोकळ लागतो. मर्लो ती पोकळी भरते. शिराझ (सिराचेच दुसरे नाव) रंग, पिकल्या फळाची चव आणि मिरीचा झणका देते. भारतात सर्वांत सहज मिळणारी जोडी कॅबर्ने-शिराझ हीच. नाशिकची सुला आणि कर्नाटकातील नंदी हिल्सची ग्रोव्हर या दोघांच्याही यादीत ती आहे. सांगलीहून नाशिकपेक्षा जवळ असलेल्या अकलूजच्या फ्रातेलीचा ‘सेत्ते’ हा सांजोव्हेझे आणि कॅबर्नेचा ब्लेंड आहे, पण तो या नोंदीच्या बजेटबाहेरचा.

द्राक्षाच्या गावात वाईन परकी का

तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ हा पट्टा द्राक्षाचा, तरी इथली द्राक्षे रेड वाईनची नाहीत. थॉमसन, तास-ए-गणेश, माणिक चमन हे पांढरे, बिनबियांचे, पातळ सालीचे खाण्याचे आणि बेदाण्याचे वाण आहेत. रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून व बियांतून उतरतो. म्हणून तिला लहान मण्याचे, जाड सालीचे, बियांचे द्राक्ष लागते. मणी फुगवण्यासाठी जीएत (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या द्रावणात) घड बुडवणाऱ्या बागायतदाराला हे उलटे गणित वाटते, आणि ते आहेही. साखरेचा हिशेब मात्र त्याला लगेच कळतो: रेड वाईनसाठी साधारण २२ ते २४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातले साखरेचे शेकडा प्रमाण) तोडणी होते आणि २४ ब्रिक्समधून सुमारे १३ ते १४ टक्के अल्कोहोल तयार होते.

राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर एमआयडीसीने नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क उभारले. पलूसच्या पार्काला कृष्णेचे नाव आहे, पण नाशिकसारखा वाईन पर्यटनाचा जम इथे बसला नाही. त्यामुळे अनेकांची रेड वाईनशी पहिली ओळख गोव्याकडच्या गोड ‘पोर्ट’ने होते. ती चवीला वाईट असतेच असे नाही. पण ती जिभेवर बसली की नंतरची प्रत्येक कोरडी वाईन आंबट आणि कडू वाटते. ब्लेंड समजून घ्यायचा असेल त्या संध्याकाळी पोर्ट बाजूला ठेवावी.

बाटली निवडताना

पाटीवर ‘वाईन शॉप’ लिहिलेल्या दुकानात वाईन बहुधा खालच्या फळीवर, व्हिस्कीच्या खोक्यांमागे असते. उलाढाल कमी असल्याने तिथे बाटलीच्या वयाकडे आधी पाहावे आणि ब्रँडकडे नंतर. या किमतीचे ब्लेंड साठवण्यासाठी बनवलेले नसतात, त्यामुळे बाटलीत भरल्यापासून दोन-तीन वर्षांतली बाटली घ्यावी. मागच्या लेबलवरचा महिना-वर्ष वाचावा. पत्र्याच्या छताखाली किंवा काचेच्या उन्हात उभी राहिलेली बाटली नको. बूच तोंडाच्या वर सरकलेले असेल किंवा झाकणाखाली चिकट डाग असेल, तर उष्णतेने वाईन फुगून बाहेर आली आहे असे समजावे. फिरकीचे झाकण हलक्या दर्जाचे लक्षण नाही. उलट आपल्या हवेत ते बुचापेक्षा सोयीचे.

घरी आणतानाही हाच धोका. महाबळेश्वरच्या सहलीत सकाळी घेतलेली बाटली दुपारभर बंद गाडीत राहिली, तर संध्याकाळी तिला शिजवलेल्या मनुक्यांचा वास येतो. २ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि आषाढी एकादशीला विक्री बंद असते. खरेदी त्याच्या आदल्या दिवसावर टाकू नये, कारण त्या गर्दीत लेबल वाचायला कोणी देत नाही.

तापमान

इथे सर्वांत जास्त बिघडते ते तापमानात. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम युरोपातल्या जुन्या थंड घरांचा आहे. ब्लेंडला १५ ते १८ अंश मानवतात. एप्रिलमध्ये सांगलीतल्या स्वयंपाकघरात ठेवलेली बाटली ३२ अंशांच्या पुढे असते. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलच आधी नाकात शिरते, फळाचा वास मागे पडतो आणि वाईन भडक, जाळणारी लागते. ‘स्वस्त आहे म्हणून अशी’ हा शेरा बऱ्याचदा याच बाटलीला मिळतो. उलट रात्रभर फ्रीजमध्ये राहून ५ अंशांवर आलेल्या वाईनचा वास मिटतो आणि तुरटपणा जिभेला खरखरीत लागतो.

उपाय: उन्हाळ्यात बाटली फ्रीजमध्ये एक ते सव्वा तास ठेवावी, हिवाळ्यात अर्धा तास. पाहुणे दारात असतील तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवावी. दहा-बारा मिनिटांत काम होते. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण बर्फ बाटलीला सगळीकडून टेकत नाही. फ्रीजमधून विसरून गार झालेली वाईन ग्लासात ओतून वीस मिनिटे ठेवली की पूर्ववत होते. ग्लासात बर्फ टाकू नये. वाईन पातळ होते आणि मग चव शोधण्यात अर्थ उरत नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीत यातले काहीच करावे लागत नाही.

चव घेणे

ग्लास वर निमुळता, पातळ काचेचा, ३०० ते ४०० मिलीचा असावा. स्टीलच्या पेल्यात वास अडकून राहत नाही. कपाटातल्या ग्लासला डांबरगोळ्यांचा किंवा भांड्यांच्या साबणाचा वास असतो, तेव्हा तो नुसत्या गरम पाण्याने धुऊन पालथा ठेवावा. देवघरातली उदबत्ती आणि लसणाची फोडणी या दोन्ही गोष्टी चव घेऊन झाल्यावर.

ओतायची ५० मिली. एका बाटलीत असे १५ वाटे होतात, म्हणजे सहा-आठ जणांत तीन-चार बाटल्या शेजारी ठेवून पाहता येतात. आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका करून कडेचा रंग पाहावा. जांभळी कड ताज्या वाईनची, विटकरी कड वय झालेल्या किंवा तापलेल्या वाईनची. काचेवरून ओघळणारे थेंब दर्जा सांगत नाहीत, मुख्यतः अल्कोहोलशी त्यांचा संबंध असतो. मग न हलवता एकदा वास, ग्लास फिरवून पुन्हा वास. वासाला नावे देताना परदेशी फळांच्या मागे धावण्याची गरज नाही. जांभूळ, करवंद, महाबळेश्वरची तुती, भिजवलेला काळा बेदाणा, कुटलेली मिरी आणि चिरलेली ढोबळी मिरची एवढ्या सहा वासांत इथले बरेचसे कॅबर्ने-शिराझ बसतात. ढोबळी मिरचीचा वास कॅबर्नेचा. फार तीव्र असेल तर द्राक्ष कच्चे तोडले असण्याची शक्यता.

घोट तोंडात पाच-सहा सेकंद फिरवावा. कडेने लाळ सुटली तर आंबटपणा आहे. हिरड्या आणि गालाची आतली बाजू जांभूळ खाल्ल्यासारखी ओढली गेली तर टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य. गिळल्यावर घशात ऊब लागते ती अल्कोहोलची. यापैकी एकच गोष्ट पुढे आणि बाकीच्या गायब असतील तर ब्लेंड जमलेला नाही. चव किती वेळ टिकते ते मोजावे. या किमतीत सात-आठ सेकंद टिकली तरी चांगली. थुंकायला एक वाडगे ठेवावे आणि ते वापरावे.

किंमत माहीत असली की जीभ तिच्यामागे जाते. म्हणून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक द्यावेत. त्याहून कठोर परीक्षा तीन ग्लासांची: दोन ग्लासांत एकच वाईन, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी ओळखायची. आत्मविश्वासाने बोलणारे यात बरेचदा गळतात.

दोष

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरशीचा वास बुचामुळे येतो. तो उघडून ठेवल्याने जात नाही, बाटली परत करावी. काडेपेटीचा वास मात्र ग्लास फिरवल्यावर दहा मिनिटांत बहुधा उडतो. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश जाणवले तर जिवाणूंनी काम सुरू केले आहे. गोठ्याचा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा असतो. तो थोडा असेल तर काहींना आवडतोही. तळाचा गाळ हा दोष नाही.

जेवणासोबत

कांदा-लसूण मसाल्याच्या जेवणाशी रेड वाईन जमत नाही असे सर्रास सांगितले जाते. अर्धे खरे आहे. तिखटाचा दाह अल्कोहोल वाढवते आणि टॅनिन त्यात खरखर भरते. म्हणून तिखट रस्सा आणि १४ टक्क्यांचा तुरट कॅबर्ने ही जोडी चुकीचीच. तोच रस्सा असताना कमी तुरट, मर्लो किंवा ग्रनाश जास्त असलेला ब्लेंड १४-१५ अंशांपर्यंत गार करून दिला तर चालतो. सुक्या मटणाशी तुरट ब्लेंड उत्तम जुळतो, कारण मांसातील प्रथिने टॅनिनला धरतात आणि वाईन एकदम मऊ लागते. भरलं वांगं, शेंगदाण्याचे कूट आणि तेल यांच्याशी शिराझ बरी. खर्ड्याशी काहीच बरे नाही. सांगलीचे भडंग चाखण्याच्या सुरुवातीला ठेवू नये. त्यातला लसूण पुढची तीन ग्लासे खातो. चव घेऊन झाल्यावर मात्र ते हवेच.

गोड पदार्थापेक्षा वाईन कमी गोड असली की ती आंबट आणि कडवट होते. साताऱ्याचा कंदी पेढा किंवा मूठभर बेदाणे खाऊन घेतलेला घोट याचा पुरावा. दोन वाईनच्या मधे साधे पाणी आणि कोरड्या पोळीचा तुकडा पुरे. बडीशेप किंवा पान नको.

बाहेर

परमिट रूम आणि महामार्गावरच्या हॉटेलांत ग्लासने मिळणारी रेड वाईन किती दिवसांपूर्वी उघडली हे विचारावे. काउंटरमागे उष्ण कोपऱ्यात उभी राहिलेली बाटली उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच शिळी होते. उत्तर गुळमुळीत आले तर ३७५ मिलीची अर्धी बाटली मागावी आणि ती समोर उघडून घ्यावी. बर्फाची बादली मागायला संकोच करू नये, वेटर हसला तरी. ग्लास काठोकाठ भरू लागला तर तिसऱ्या हिश्श्यावर थांबवावे.

१३ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिली ग्लासात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते, व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये सुमारे १०. म्हणजे एक ग्लास दीड छोट्या पेगाएवढा. ‘वाईनच आहे’ म्हणून गाडी चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे.

घरी मिसळून पाहणे

ब्लेंड कळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तो स्वतः करणे. एक कॅबर्ने आणि एक शिराझ किंवा मर्लो, दोन्ही एकाच तापमानाला आणावीत. सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजने चार ग्लासांत ४५+५, ४०+१०, ३५+१५ आणि २५+२५ मिली भरावे. शेजारी दोन्ही वाईन शुद्ध स्वरूपात असाव्यात. दहा मिनिटे थांबून चाखावे, कारण मिसळल्याबरोबर चव विस्कटलेली वाटते. पाच मिलीनेही फरक पडतो हे बहुतेकांना पहिल्यांदा इथेच जाणवते. निम्मे-निम्मे सहसा जमत नाही: दोन्हींची धार जाते. दोष असलेली वाईन चांगल्या वाईनमध्ये घालून ती सुधारत नाही, दुसरी बाटलीही वाया जाते.

उरलेली वाईन लहान बाटलीत तोंडापर्यंत भरून फ्रीजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. मोठ्या बाटलीत तळाशी राहिली तर एक-दोन दिवस. त्यानंतरची बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावी. मटण परतताना दोन तुकडे मसाल्यात टाकून अल्कोहोलचा वास जाईपर्यंत आटवले की टोमॅटोची गरज कमी होते.